आवक-जावक विभाग, साने चौकामागे

सोमवारी सकाळी रंगरावांनी नेहमीप्रमाणे पट्टा आवळला, खिशाला पेन लावलं, गळ्यात ओळखपत्र अडकवलं, देवाला नमस्कार केला आणि स्वयंपाकघरातून निघून ते पुढच्या खोलीत येऊन बसले.

"डबा?" त्यांनी तिथून हाक दिली.

इंदुताई हातात लाटणं घेऊनच दारात आल्या. "डबा कशाला? जेवायच्या वेळेला ताट वाढते की."

"ऑफिसच्या वेळेत स्वयंपाकघरात येणं बरं दिसत नाही. डबाच दे."

डबा भरला गेला. दुपारी रंगरावांनी तो खिडकीपाशी उघडला, लोणच्याची डबी बाजूला काढली आणि भाजी वाटून घ्यायला शेजारी कुणी नाही म्हणून जरा हिरमुसले. इंदुताईंनी हे दाराच्या फटीतून पाहिलं. त्यांना हसू आलं. ते हसू त्या आठवड्यातलं शेवटचं ठरलं.

रंगराव आकुर्डीच्या एका सरकारी कार्यालयात आवक-जावक विभागाला होते. लोकांनी आणलेला अर्ज घ्यायचा, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर 'प्राप्त' असा गोल निळा शिक्का मारून पोच द्यायची, हे काम त्यांनी उभी नोकरी केलं होतं. गेल्या महिन्यात कार्यालयाच्या छताचा मोठा पोपडा खालच्या खुर्चीवर पडला. खुर्चीतला माणूस चहाला गेलेला असल्यामुळे वाचला. कामाच्या वेळेत चहाला जाण्याचा एवढा सज्जड फायदा त्या खात्यात पूर्वी कुणी दाखवून दिला नव्हता. इमारत रिकामी केली, फाटकाला कुलूप लागलं आणि आदेश निघाला, की दुरुस्ती होईपर्यंत प्रत्येक कर्मचाऱ्याचे निवासस्थान हेच त्याचे कार्यालय समजण्यात यावे.

हिशेब विभागातल्या ज्ञानेशनं हा आदेश वाचून नवा सोफा घेतला. रंगरावांनी पाटी रंगवून आणली.

'आवक-जावक विभाग (तात्पुरता)' अशी ती पाटी चिखलीत, साने चौकामागच्या त्यांच्या घराच्या दारावर लागली. तेवढ्यावर न थांबता त्यांनी कार्यालयाच्या कुलूपबंद फाटकावरही सुवाच्य अक्षरात घरचा पत्ता चिकटवला. हे करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण शिक्का त्यांच्या पिशवीत होता, आणि शिक्का घरी आला तर माणसांनी कुठं जायचं, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. अर्ज मोबाइलवरून करायची सोय झाली होती, हे खरं. पण मोबाइलवर आलेलं 'आपला अर्ज मिळाला' कुणाला दाखवायचं? शिक्का उठलेला कागद घडी करून खिशात ठेवला की माणूस कसा निर्धास्त होतो.

रंगरावांना एका गोष्टीची कल्पना नव्हती. ते रोज बाहेर पडले की ही पुढची खोली त्यांची राहत नसे. कॉट भिंतीला उभी लागायची, तीन शिलाई मशीनवरची फडकी निघायची आणि गल्लीतल्या बायका इंदुताईंकडे शिवण शिकायला यायच्या. संध्याकाळी ते परतायच्या आत सगळं जिथल्या तिथं. बायका येतात हे त्यांना माहीत होतं, पण चंद्राला मागची बाजू असते हे जसं आपल्याला माहीत असतं, तसं.

आणि यंदा मागच्या बाजूला बरंच काही चाललं होतं. चाकणच्या कंपन्यांची कॅन्टीन चालवणाऱ्या एका ठेकेदाराकडे प्रज्वल नावाचा मुलगा खरेदी बघायचा. त्यानं इंदुताईंना तीनशे पांढरे ॲप्रन शिवायला दिले होते. महिनाअखेरच्या शनिवारी माल द्यायचा. शिलाई पसंत पडली तर ठेकेदाराच्या सगळ्या कॅन्टीनचं काम वर्षभर त्यांच्याकडेच. नाही पडली, किंवा वेळेवर झाली नाही, तर भोसरीत शिवणाऱ्यांची कमी नव्हती. इतकी वर्षं इंदुताईंनी दुसऱ्यांना शिवायला शिकवलं. आपल्या हातचं काम घराबाहेर जाऊन उभं राहावं, ही इच्छा मात्र त्यांनी कुणाला बोलून दाखवली नव्हती. रंगरावांना तर नाहीच. त्यांनी आधी 'परवानगी लागते का' असं विचारलं असतं.

तर आता मशीन स्वयंपाकघरात गेली. एक ओट्याला चिकटून, एक मोरीशेजारी, आणि तिसरं मागच्या दारात, अर्धं आत अर्धं बाहेर. बेतायला सहा फूट सपाट जागा लागते. ती मिळायची ती जेवणं झाल्यावर, फरशी पुसून वाळली की.

"ताई, फोडणी देताना सांगत जा हं," स्वप्नाली म्हणायची. ती सगळ्यांत धाकटी आणि जिभेनं सगळ्यांत मोठी. "कॅन्टीनवाल्यांना हळद लागलेलेच ॲप्रन गेले तर म्हणतील, वापरून दिले."

पुढच्या खोलीत माणसं येत होती. तळवड्याहून, मोशीहून, थेट राजगुरुनगरहूनसुद्धा. चपला बाहेर काढून, पाय धुऊ का असं विचारून आत येत होती. सरकारी कार्यालयात इतक्या अदबीनं कुणी शिरल्याचं रंगरावांना आठवत नव्हतं. एक आजोबा तर येताना अर्धा डझन केळी घेऊन आले. कुणाच्या घरी मोकळ्या हातानं कसं जायचं म्हणून. रंगरावांनी केळी परत केली, कारण ते कार्यालय होतं. आजोबा रागावले, कारण ते घर होतं.

त्याच आजोबांच्या अर्जावर ते झालं. टेबलावर लॅपटॉप उघडा होता. शिक्का मारायला रंगरावांनी हाताशी जे सपाट दिसलं ते घेतलं, म्हणजे कॉटवर रचलेली तयार ॲप्रनची चवड. त्यांचा हात मुळात जड. कागद सरकला आणि वरच्या ॲप्रनच्या छातीवर तारखेसकट 'प्राप्त' उमटलं.

"एक ॲप्रन सरकारजमा झाला," स्वप्नालीनं आत येऊन बातमी दिली.

इंदुताईंनी लिंबू चोळून पाहिलं, मग स्पिरिट लावलं. डाग गेला नाही. तो आकाशी आणि जांभळ्या अशा दोन कड्यांमध्ये फाकला. बघायला सुंदर दिसत होता.

संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर रंगराव स्वयंपाकघरात आले, तेव्हा तो ॲप्रन दोरीवर त्यांच्या तोंडासमोरच टांगलेला होता.

"चुकलं माझं," ते लगेच म्हणाले. चूक कबूल करायला ते कधी मागेपुढे बघत नसत.

"एका ॲप्रनचं नाही हो. अजून निम्मे व्हायचेत. मला माझी खोली पाहिजे."

"अगं पण आदेश आहे. निवासस्थान हेच कार्यालय."

"निवासस्थान माझंही आहे. आदेशात माझं नाव आहे?"

रंगरावांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "नाही."

"मग?"

"मग मी कुठं बसू? पुढची खोली सोडली तर मोरीच उरते."

इंदुताईंनी तो ॲप्रन दोरीवरून काढला आणि त्या पुन्हा मशीनवर बसल्या.

उत्तर दुसऱ्या दिवशी मिळालं, आणि तेही नूरबीच्या गाऱ्हाण्यातून. नूरबी त्याच गल्लीतली, हात सफाईदार, बोलणं मोजकं. तिचा नवरा मीरासाहेब याचं झेरॉक्सचं दुकान त्या आकुर्डीच्या कार्यालयासमोरच होतं. अर्ज लिहून देणं, प्रती काढणं, फोटो चिकटवणं, सगळं फाटकातून आतबाहेर करणाऱ्या माणसांवर चालायचं.

"तुमच्याकडं ते घरी बसले म्हणून पंचाईत," नूरबी कडेची शिलाई घालता घालता म्हणाली, "आमच्याकडं दुकानात बसतात म्हणून. जातात, शटर उघडतात, मशीन पुसतात, पेपर वाचतात, येतात. आता म्हणतात, मोबाइल कव्हरवाल्याला दुकान देऊन टाकतो आणि घरी बसतो. ते घरी बसले तर माझं शिवण बंदच, ताई. दर अर्ध्या तासाला चहा."

इंदुताईंचा पाय मशीनवर थांबला. "दुकानात पंखा आहे?"

"आहे. का?"

दुपारी दोघी आकुर्डीला गेल्या. इंदुताईंच्या गळ्यात टेप तसाच होता. फाटकावर आपल्याच घराचा पत्ता नवऱ्याच्या वळणदार अक्षरात वाचताना त्यांना जरा विचित्र वाटलं. फाटकाशेजारी छबूबाईंची चहाची टपरी होती. एरवी तिथं मोठं पातेलं उकळत असायचं. आज छोट्या टोपात दोन कप चहा होता.

"ह्यो पत्ता तुमचाच व्हय?" छबूबाईंनी विचारलं. "आत्ताच दोघं आलती. वाचलं आन् रिक्षा करून तुमच्याकडं गेली. हितं घोटभर चहा प्यायची माणसं ती. तुमी घरात पाजताय का न्हाई?"

"पाजते की," इंदुताई म्हणाल्या. "तोच तर वैताग आहे."

मीरासाहेब अदबशीर माणूस. ताईंनी दुकानाची मापं घ्यायला सुरुवात केली तरी त्यांनी का म्हणून विचारलं नाही. उलट टेपचं दुसरं टोक धरून उभे राहिले.

"टेबल बसतंय," इंदुताई म्हणाल्या. "खुर्ची मागं सरकवली तरी झेरॉक्सला लागत नाही. मीरासाहेब, यांना इथं बसवलं तर चालेल?"

"कुणाला?"

"यांना. शिक्क्यासकट."

मीरासाहेबांनी मशीनवरची धूळ उगीचच पुन्हा पुसली. "ताई, आजवर मी सरकारच्या दारात बसत आलो. सरकार माझ्या दुकानात बसणार म्हणता, मग मी नाही कसा म्हणू?"

आता राहिले रंगराव. त्यांची अडचण एकच होती, पण डोंगराएवढी. कार्यालयाच्या प्रमुख दीपमाला मॅडम रोज अकराला मोबाइलवर सगळ्यांची बैठक घेत. स्वतः मॅडमचा कॅमेरा नेटवर्कच्या कारणानं बंद असे. बाकीच्यांना मात्र तो चालू ठेवावा लागे.

"मागं घर दिसलं पाहिजे," रंगराव म्हणाले.

"घर म्हणजे नेमकं काय दिसतं?"

दोघांनी मिळून पाहिलं. मोबाइलच्या चौकटीत रंगराव होते आणि त्यांच्या मागं पोपटांच्या नक्षीचा हिरवा पडदा होता. बाकी काहीच नाही. इंदुताई स्टुलावर चढल्या आणि पडदा काढला.

"मी खोटं बोलणार नाही हं," रंगराव खालून म्हणाले. "त्यांनी विचारलं तर खरं तेच सांगणार."

"सांगा की. विचारतंय कोण?"

दुसऱ्या दिवसापासून मीरासाहेबांच्या स्कूटरवर मागं बसून, एका हातात डबा, दुसऱ्या हातात पाटी आणि काखेत पडदा घेऊन रंगराव घरून काम करायला आकुर्डीला जाऊ लागले.

चिखलीत कॉट पुन्हा भिंतीला उभी राहिली. तिन्ही मशीन पुढच्या खोलीत ओळीनं लागली, आणि स्वप्नालीनं दार लावून घेऊन मोठ्यानं 'हुश्श' केलं. ॲप्रनची चवड वाढायला लागली. आकुर्डीची खबर नूरबी रोज आणायची. फाटकावरचा पत्ता बदलला होता. नव्या पत्त्यावर पोचायला फक्त रस्ता ओलांडायचा होता. पोच घ्यायला आलेला माणूस आधी झेरॉक्स काढायचा, मग शिक्का घ्यायचा, मग चहा. छबूबाईंनी मोठं पातेलं पुन्हा चुलीवर चढवलं होतं. रंगरावांना जेवायला मीरासाहेबांची सोबत मिळाली होती आणि ते लोणचं वाटून खात होते.

मग ज्ञानेश आला. त्याच्या नव्या सोफ्यावर त्याच्या सासूबाई बसत आणि दुपारभर मालिका बघत. तो नुसता चहा प्यायला आलो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी घरून चादर घेऊन आला. त्याच्या मागून आणखी दोघं. मीरासाहेबांनी दुकानात आडवी दोरी बांधली. पोपटांचा पडदा, फुलांची चादर, कुणाच्या तरी आईचं जुनं इरकली लुगडं, असं एकेकाचं घर त्या दोरीवर लटकू लागलं.

"लांबून बघणाऱ्याला वाटतं, आम्ही लाँड्री काढली," नूरबी म्हणाली. ती आता बरीच बोलायला लागली होती.

हे किती दिवस चाललं असतं कुणास ठाऊक. घात केला तो आवाजानं. बुधवारी बैठक सुरू होती, चौघं एका ओळीत आपापल्या घरासमोर बसलेले, आणि छबूबाई चहा घेऊन आल्या.

"न्यानेशभाऊ, बिनसाखरेचा कोन्ता तुमचा?"

हे वाक्य मॅडमच्या मोबाइलवर चार घरांतून, एकापाठोपाठ एक, चार वेळा ऐकू आलं. मग चारही फोन एकमेकांचा आवाज पकडून शिट्टी मारायला लागले.

"रंगराव," शिट्टी थांबल्यावर मॅडमनी विचारलं, "तुमच्या घरी कोण आलंय?"

विचारलं तर खरं सांगायचं, असं रंगरावांचं ठरलेलंच होतं. "छबूबाई, मॅडम."

"आणि ज्ञानेश, तुमच्याकडे?"

"छबूबाईच, मॅडम."

मग मॅडम एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून मी प्रत्येकाच्या घरी येऊन पाहणी करणार आहे."

त्या संध्याकाळी रंगराव घरी आले ते पडदा आणि पाटी घेऊनच. "उद्यापासून मला इथंच बसावं लागेल," ते म्हणाले आणि बसायला जागा शोधू लागले. जागा नव्हती. कॉटवर, खुर्चीवर, टीव्हीवर, सगळीकडे पांढरं कापड होतं.

"शनिवारी माल द्यायचाय," इंदुताई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, आणि त्यामुळेच रंगरावांनी वर बघितलं. "अजून साठ राहिलेत. उद्या तुम्ही इथं बसलात तर ते होणार नाहीत. आणि ते झाले नाहीत, तर पुढं काहीच होणार नाही. मी कधी काही मागितलं नाही तुमच्याकडं. आता दोन दिवस मागते."

रंगरावांनी एक ॲप्रन उचलला. नोकरीत असंख्य कागद उलटसुलट करून बघितलेला माणूस. त्यांनी तोही तसाच बघितला, पुढून, मागून, खिशाच्या आतून. "ही शिलाई दुहेरी आहे," ते म्हणाले.

"कॅन्टीनमध्ये खिशात काहीबाही कोंबतात. एकेरी उसवते."

त्यांनी घडी घालून तो परत ठेवला. घडी चुकीची होती, पण इंदुताईंनी ती तशीच राहू दिली.

सकाळी रंगराव डबा घेऊन स्कूटरवर बसले. "मॅडम आल्या तर?"

"मी खरं तेच सांगीन," इंदुताई म्हणाल्या.

मॅडम दुपारी आल्या. गल्लीच्या तोंडाशी पांढरी गाडी थांबली आणि चाळिशीच्या, थकल्या डोळ्यांच्या बाई दारात उभ्या राहिल्या. आतली मशीन एकेक करून थांबली.

"रंगराव कुठे आहेत?"

इंदुताईंनी सकाळपासून मनात बरीच वाक्यं जुळवली होती. ऐन वेळी त्यांतलं एकही आठवलं नाही. "आकुर्डीला. ऑफिससमोर."

"ऑफिस तर बंद आहे."

"म्हणूनच समोर."

स्वप्नालीनं तोंडाला पदर लावला. इंदुताईंनी मॅडमना स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि मग सांगून टाकलं. पाटी, माणसं, मोरीशेजारचं मशीन, मीरासाहेबांचं दुकान, पडदासुद्धा. "ते घरी बसले तर त्यांचं काम होतं, मॅडम. नाही म्हणत नाही मी. पण मग हे होत नाही. निवासस्थान म्हणजे कार्यालय, हे ठीकच आहे. पण त्या निवासस्थानात आधीपासून कुणाचं कार्यालय चालू आहे का, हे कुणी विचारलंच नाही."

मॅडम चवडीकडे बघत राहिल्या.

"मॅडम, तुम्ही कुठून करता काम?" स्वप्नालीनं विचारलं. "काका म्हणतात, तुमचा कॅमेरा बंद असतो." इंदुताईंनी डोळे वटारले, पण तोवर बोलून झालं होतं.

मॅडमना हसू आलं. "गाडीतून," त्या म्हणाल्या. "ताथवड्याला अकराव्या मजल्यावर राहते मी. हॉलमध्ये नवऱ्याची कंपनी असते, आतल्या खोलीत मुलाची शिकवणी आणि स्वयंपाकघरात सासूबाईंचं भजनी मंडळ. मी सकाळी तयार होते, लिफ्टनं खाली येते आणि पार्किंगमध्ये गाडीत बसून ऑफिस चालवते."

"आणि चहा?" नूरबीनं कळवळून विचारलं.

"कोण देणार?"

खोलीतल्या सगळ्या बायका काही क्षण मॅडमच्या चहाविषयी हळहळल्या. मग मॅडमनी मोबाइल काढला आणि टाइप करता करता वाचून दाखवलं, "प्रत्यक्ष पाहणी केली. निवासस्थानी काम सुरू असल्याचे आढळले."

"थांबा," इंदुताई म्हणाल्या. "आत्ता सुरू नाहीये. मशीन चालवा गं."

तिन्ही मशीनचा खडखडाट सुरू झाला. इंदुताईंनी मान हलवल्यावर मॅडमनी ते वाक्य पाठवून दिलं.

संध्याकाळी रंगराव दबकत दबकत आत आले. "आल्या होत्या?"

"आल्या होत्या."

"काय म्हणाल्या?"

"काम चालू आहे म्हणाल्या."

"कुणाचं?"

"ते त्यांनी लिहिलं नाही."

रंगराव विचार करत हात-पाय धुऊन आले. "आज दुपारी दुकानासमोर एक पांढरी गाडी येऊन उभी राहिली," ते म्हणाले. "काच खाली झाली, आतून हात आला, छबूबाईंनी त्या हातात कप दिला. दोन तास होती गाडी. आम्ही कुणीच तिकडं बघितलं नाही."

शनिवारी प्रज्वल टेम्पो घेऊन आला. त्यानं कुठलेही दहा ॲप्रन ओढून काढले, खिसे ताणून बघितले, नाड्यांना हिसके दिले. "काकू, धागा जरा जाड वापरा पुढच्या वेळी," तो म्हणाला, आणि टेम्पोचा फाळका पाडून कापडाचे नवे गठ्ठे उतरवायला लागला. पुढची वेळ आहे, हे इंदुताईंना त्या वाक्यातून कळायला एक क्षण लागला. नूरबीला त्याहून कमी लागला. तिनं पहिला गठ्ठा आधीच आत नेला होता.

शनिवार म्हणजे सुट्टी. रंगराव बनियनवर होते. त्यांनी एक गठ्ठा खांद्यावर घेतला, पुढच्या खोलीच्या मध्यावर आले आणि थबकले. एका बाजूला मशीन, दुसऱ्या बाजूला कॉट, मध्ये आखलेलं कापड.

"अगं, हे कुठं ठेवू?" त्यांनी विचारलं.

इंदुताई टेम्पोपाशी होत्या. त्यांनी गठ्ठे उतरू दिले, सगळे नीट पाहिले, आणि मगच आत वळल्या. रंगराव तोवर गठ्ठा खांद्यावर घेऊन तसेच उभे होते.